वर्गात काम, घरी तयारी : आपल्या मुलांचे इंग्रजी

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या पालक मेळाव्यात एका हायस्कूल शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. – संपादक)



मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. पालकसभेला येणारे बहुतेक पालक नोकरदार, त्यांत रेल्वेचे आणि पोस्टाचे पुष्कळ. त्यांच्याकडून मला एकच प्रश्न वर्षानुवर्षे ऐकू येतो. "बाई, पोरगी पहिलीपासून इंग्रजी शिकते, मार्कही वाईट नाहीत. मग चार वाक्ये बोलायची वेळ आली, एखादा फॉर्म भरायचा म्हटला, की तिचे हातपाय का गळतात?"

प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षे होतात. एवढ्या काळात तुमच्याकडे नवखा माणूस अख्खे खाते शिकून तयार होतो. मग भाषेतच असे का होते?

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. इंग्रजीच्या तासाला मुले ऐकतात आणि फळ्यावरचे उतरवून घेतात. भाषा वापरण्याचे खरे अवघड काम मात्र 'घरचा अभ्यास' म्हणून दप्तरात भरून घरी पाठवले जाते. जिथे मदतीला शिक्षक असतो तिथे मुलांना काम नसते, आणि जिथे काम असते तिथे शिक्षक नसतो. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे आईवडील आहेत, किंवा क्लासची फी भरायची ऐपत आहे, त्याचे निभते. ज्याचे वडील रात्रपाळीला आणि आई दिवसभर कामात, त्या मुलाने अडले तर विचारायचे कुणाला? म्हणजे हा प्रश्न नुसता शिकवण्याच्या पद्धतीचा नाही, न्यायाचाही आहे. वर्गातला वेळ कशासाठी वापरायचा, हा त्याचा गाभा.

तुम्हाला हे समजायला अवघड जाऊ नये. लोको पायलटला नव्या सेक्शनवर गाडी न्यायची असेल तर आधी त्याला तो मार्ग शिकावा लागतो. नियमांचे पुस्तक तो खोलीवर बसून वाचू शकतो, पण सिग्नल कुठे आहे, चढ कुठे लागतो, वळण कुठे येते हे जाणत्या माणसाबरोबर इंजिनात उभे राहूनच कळते. आर.एम.एस.मध्ये सॉर्टिंग शिकणाऱ्याचेही तेच. यादी घरी पाठ करता येते, हात मात्र खणांपुढे उभे राहूनच बसतो. वाचायचे ते एकट्याने वाचावे, करायचे ते जाणत्याच्या नजरेखाली करावे, ही कामगारांची जुनी रीत आहे. शाळेत ती उलटी झाली आहे, ती सुलटी करायची आहे.

कामातून भाषा : आपल्याच देशातला प्रयोग

इंग्रजी शिकवण्याच्या दोन विचारांची सांगड घालता येईल, असे मला वाटते. पहिला विचार म्हणजे मुलांना भाषेचे धडे देण्याऐवजी भाषेतून करायचे काम द्यावे. याला टास्क-पद्धती म्हणतात.

पुष्कळांना वाटते की हे विलायतेहून आलेले फॅड आहे. या पद्धतीचा जगभर गाजलेला एक आरंभीचा प्रयोग मात्र दक्षिण भारतात झाला. एन. एस. प्रभू हे मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी शिक्षणाचे काम पाहत होते. त्यांच्या पुढाकाराने 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास आणि इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांत हा प्रयोग चालला. पुढे तो 'बंगळूर प्रकल्प' या नावाने ओळखला गेला आणि 1987 साली प्रभूंनी त्यावर पुस्तक लिहिले.

त्या काळी आपल्याकडे 'स्ट्रक्चर' पद्धतीने इंग्रजी शिकवत. एक वाक्यरचना घ्यायची, ती वर्गाकडून चाळीस वेळा घोकून घ्यायची, मग पुढची रचना. तुमच्यापैकी अनेक जण तसेच शिकले असतील. प्रभूंचे म्हणणे असे की मुलाचे लक्ष अर्थाकडे असते, काहीतरी सोडवण्याकडे असते, तेव्हा भाषेची रचना त्याच्या मनात अधिक पक्की बसते. म्हणून त्यांनी रचनांची यादी बाजूला ठेवली आणि कामांची यादी केली. त्या कामांत काय होते? रेल्वेचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरवणे, नकाशावरून रस्ता काढणे, टपालाच्या व्यवस्थेवरचे प्रश्न, तार वाचणे आणि तार लिहिणे! तारसेवा 2013 साली बंद झाली. पण एक गोष्ट पाहा : इंग्रजी शिकवण्याचा नवा रस्ता शोधताना त्या माणसाला लागलेले सामान तुमच्या टेबलावरचे होते.

तासाची आखणी सोपी होती. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्न विचारत, एक काम तोंडी सोडवून दाखवी. मग तशाच धर्तीचे दुसरे काम प्रत्येक मुलाने आपले आपण सोडवायचे. गुण द्यायचे ते उत्तर बरोबर आले की नाही यावर. आणि काम योग्य पातळीचे होते की नाही याची कसोटी अशी की निम्म्या वर्गाला निम्मे तरी जमले पाहिजे. हा आडाखा मला फार व्यवहारी वाटतो. सगळ्यांना सगळे जमले तर काम फार सोपे होते, आणि चारच जणांना जमले तर ते फक्त त्या चौघांसाठी होते.

या प्रयोगाचे मूल्यमापनही झाले. ज्या पद्धतीने मुलांना शिकवले, त्या पद्धतीच्या चाचणीत ती मुले पुढे राहिली, हे दोन्ही बाजूंनी दिसले. कोणत्याच बाजूला न झुकणाऱ्या चाचण्यांपैकी काहींत कामातून शिकलेली मुले पुढे होती. चमत्कार झाला असे कुणी म्हणू नये. पण घोकंपट्टी सोडली म्हणून मुले बुडाली नाहीत, एवढे त्यातून नक्की दिसले.

उलटा वर्ग

दुसरा विचार अमेरिकेतला. कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळांच्या सामन्यांसाठी मुले लांब लांब जात आणि त्यांचे तास बुडत. म्हणून 2007 च्या सुमारास या दोघांनी आपले धडे चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आले की धडा जर घरी ऐकता येतो, तर वर्गातला वेळ मोकळा होतो, आणि त्या वेळात मुलांना गणिते व प्रयोग आपल्यासमोर करायला लावता येतात. याला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणजे उलटा वर्ग म्हणतात. ऐकणे घरी, करणे वर्गात. 2012 साली त्यांचे पुस्तक आले आणि ही कल्पना जगभर पसरली.

इथे चित्रफितीला अवास्तव महत्त्व देऊ नये. मोकळा झालेला तास कसा वापरला, हेच त्यात खरे. मास्तरांनी घरी व्हिडिओ पाहायला सांगितले आणि वर्गात पुन्हा तेच बोलत राहिले, तर वर्ग उलटा झाला नाही, मुलांचे काम मात्र दुप्पट झाले.

सांगड कशी घालायची?

आता ही दोन्ही जोडायची कशी? इथे एक घोटाळा हमखास होतो. उलटा वर्ग म्हटले की शिक्षक आदल्या दिवशी व्याकरणाचा नियम घरी पाठवतात. मग दुसऱ्या दिवशीचे काम हे काम राहतच नाही. मूल गाडी शोधण्याऐवजी नियम कुठे बसवता येईल ते शोधत बसते. इंग्लंडच्या जेन विलिस यांनी 1996 च्या पुस्तकात टास्क-पद्धतीची जी चौकट दिली, तिच्यात क्रम स्पष्ट आहे. आधी विषयाची ओळख, मग काम, मग काय केले ते सर्वांपुढे सांगणे, आणि शेवटी भाषेकडे बारकाईने पाहणे.

म्हणून मी असे सुचवते की कामाच्या आदल्या दिवशी घरी फक्त विषय आणि शब्द जावेत. काम वर्गात व्हावे. आणि व्याकरण कामानंतर, त्याच संध्याकाळी घरी जावे. नियमाची गरज भासल्यावर नियम वाचला की तो लक्षात राहतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. इयत्ता आठवी. घरी एक पानाचा कागद जातो. त्यावर चोवीस तासांच्या घड्याळाचे चार प्रश्न आणि आठ शब्द : अरायव्हल, डिपार्चर, हॉल्ट, चेंज, कनेक्शन, प्लॅटफॉर्म, ड्यू, लेट. पंधरा मिनिटांचे काम.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरावासाठी तयार केलेला एक तक्ता. इटारसीचे एक कुटुंब, नाशिकला रविवारी सकाळी 11 वाजता साखरपुडा. वडिलांची ड्यूटी शनिवारी रात्री 20:00 ला सुटते. बरोबर आजी, तिचे गुडघे दुखतात. गाड्या चार. पहिली 18:40 ला सुटते. दुसरी 22:10 ला, पण ती भुसावळपर्यंतच, तिथे वीस मिनिटांत पूल चढून गाडी बदलायची. तिसरी 00:15 ला, थेट, सकाळी 08:30 ला पोचते. चौथी 04:50 ला सुटते आणि 12:40 ला पोचते. चौघाचौघांच्या गटाने गाडी निवडायची आणि कारण इंग्रजीत सांगायचे.

पहिली आणि चौथी लगेच गळतात. "वुई कॅनॉट टेक द फर्स्ट ट्रेन बिकॉज फादर इज ऑन ड्यूटी." वाद होतो तो दुसरी आणि तिसरीवर. आजीला पूल चढवायचा का? वीस मिनिटे पुरतील का? गाडी लेट झाली तर? आणि तिसरी गाडी ठरली की बाई विचारतात, "तिकीट कोणत्या तारखेचे काढायचे?" निम्मा वर्ग म्हणतो शनिवारचे. रात्री 12 नंतर तारीख बदलते, म्हणून तिकीट रविवारचे हवे. या एका गोष्टीवरून किती प्रवासी फलाटावर डोक्याला हात लावून बसतात, ते तुमच्याइतके कुणी पाहिलेले नाही. या तासाला रेल्वेवाल्याची मुलगी वर्गात हुशार ठरते, कारण घरातले ज्ञान पहिल्यांदाच शाळेत उपयोगी पडते.

काम चालू असताना शिक्षक गटागटांतून फिरतात. जिथे शब्द अडतो तिथे देतात. आपसात चर्चा मराठीत, हिंदीत झाली तर मी अडवत नाही. पण सर्वांसमोर निर्णय सांगायचा तो इंग्रजीतच. दोन गट सांगतात, बाकीचे प्रश्न विचारतात. बोलताना मुलांना हमखास एक रचना लागते : "ही गाडी घेतली तर समारंभ चुकेल." मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती येते. त्या संध्याकाळी दुसरा कागद घरी जातो. त्यावर वर्गात बोललेलीच वाक्ये नीट करून लिहिलेली : "इफ वुई टेक द लास्ट ट्रेन, वुई विल मिस द सेरेमनी." खाली चार ओळींत नियम आणि पाच वाक्यांचा सराव. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत तो तपासायचा आणि पुढे जायचे.

पोस्टाचे उदाहरण घ्या. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावे आणि पत्त्यांच्या नाना लिप्या यांतून पत्र नेमके पोचवायची ही युक्ती. पहिला आकडा विभागाचा : 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. एवढी माहिती सोप्या इंग्रजीत घरच्या कागदावर द्यायची. वर्गात दहा पत्ते द्यायचे, त्यांतले तीन चुकीचे. एकावर 'बिलासपूर, छत्तीसगड' असे लिहिलेले, पण पिन 174001. तो तर हिमाचलमधल्या बिलासपूरचा. छत्तीसगडच्या बिलासपूरचा 495001. हे पत्र कुठे जाईल, का जाईल, आणि पाठवणाऱ्याच्या तक्रारीला उत्तर काय लिहाल? नववीच्या मुलाला यात वाचन, तर्क आणि पत्रलेखन तिन्ही मिळते.

भार कुणाच्या घरावर?

इथपर्यंत सर्व गोड आहे. आता कडू भाग. उलट्या वर्गात शाळेचा काही भाग घरी जातो. पण घर कसले? दोन खोल्यांचे क्वार्टर, एक मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात, आणि वडील रनिंग रूममध्ये. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले, तेव्हा काय झाले ते तुम्ही भोगले आहे. रेल्वे थांबली नाही, टपाल थांबले नाही. मालगाड्या आणि औषधांची पार्सले चालू ठेवणारे तुम्ही कामावर होता, आणि तुमचा फोन तुमच्याबरोबर होता. ज्या घरात दोन-तीन मुले, तिथे फोन आधी कुणाला मिळाला आणि स्वयंपाकघरात कोण राहिले, हे मुलींना विचारा.

म्हणून उलट्या वर्गाला माझ्या काही अटी आहेत. घरचा भाग कागदावर मिळाला पाहिजे, फोन हवाच असे बंधन नको. पाठ्यपुस्तकांतले क्यू.आर. कोड, 2017 पासूनचे 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठ, ही सोय चांगली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी क्यू.आर. कोडचा वापर करून दाखवला आणि 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, याचा अभिमान आहे. पण सोय ही सोयच राहावी, तिची सक्ती होऊ नये. घरचा भाग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नसावा. त्याला गुण नसावेत. आणि तो न करता आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करू नये, त्याच्यासाठी तासाची पहिली दहा मिनिटे ठेवावीत. जिथे घरी काहीच जमत नाही, तिथे वर्ग वर्गातच उलटा करता येतो : अर्धी मुले एका बाजूला कागद वाचतात किंवा ऐकतात, अर्धी शिक्षकाजवळ काम करतात, मग अदलाबदल.

या कागदांचा एक फायदा खास तुमच्यासाठी आहे. बदली झाली की मूल वर्षाच्या मध्येच झाशीहून सिकंदराबादला, हुबळीहून भुसावळला जाते. मागचे धडे बुडतात. वर्षभराचे घरचे कागद एका फाईलीत असतील तर नव्या मुलाला ते देता येतात. अमेरिकेतल्या त्या शिक्षकांचा आरंभही तास बुडालेल्या मुलांपासूनच झाला होता.

काही शंका

"परीक्षेचे काय?" महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या इंग्रजीत तक्त्यातील माहिती वाचून लिहिण्याचे, पत्र लिहिण्याचे प्रश्न असतात. कामातून शिकलेल्या मुलाला ते परके वाटत नाहीत. मात्र दहावीच्या वर्षी पूर्वपरीक्षेचा सराव वेगळा करून घ्यावाच लागेल, हे मी नाकारत नाही. म्हणून आरंभ आठवी-नववीत करावा.

"वर्गात गोंगाट होतो, बाई शिकवत नाहीत." होतो खरा. पण यार्डात काम चालू असताना आवाज नसेल तर तुम्हालाच शंका येते. मुलाला घरी विचारा, "आज काय केलेस?" त्याने काहीतरी सांगितले, तर तास वाया गेला नाही.

आणि तिसरी शंका माझ्या स्वतःच्या वर्गाची, शिक्षकांची आहे. असे कागद तयार करायला वेळ लागतो. साठ मुलांचा वर्ग, आठवड्याचे भरलेले तास, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे, आणि वर ही नवी तयारी घरी बसून, बिनमोबदला? कामाच्या तासांबद्दल बोलण्याचा हक्क शिक्षकालाही आहे. वेळापत्रकात तयारीचा तास दिल्याशिवाय ही पद्धत दोन उत्साही शिक्षकांच्या जिवावर दोन वर्षे चालेल आणि बंद पडेल. तुमच्या संघटना ड्यूटीच्या तासांसाठी लढतात, म्हणून हे मी तुम्हाला सांगते.

तुमच्याकडून काय हवे

शेवटी चार मागण्या तुमच्यापुढे ठेवते.

एक : पालकसभेत गुणांबरोबर हेही विचारा, की तासाला मुले किती वेळ बोलतात आणि काम करतात.

दोन : जुनी, बाद झालेली वेळापत्रके, कोरे फॉर्म, टपालदरांचे जुने तक्ते शाळेला द्या. गोपनीय काही नको, स्टेशनवर किंवा पोस्टाच्या खिडकीवर जनतेला मिळते तेवढेच. वर्षातून एक तास येऊन तुमच्या कामाबद्दल बोला, मराठीतच बोला. मुले त्याचे इंग्रजीत टिपण करतील.

तीन : युनियनच्या कचेरीत किंवा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या एखाद्या खोलीत संध्याकाळचे दोन तास दिवा, टेबल आणि शांतता मिळेल असे करा. घरी जागा नसलेल्या मुलाला 'घरचा भाग' तिथे करता येईल. निवृत्त सहकारी लक्ष ठेवू शकतील.

चार : शिक्षकांच्या तयारीच्या तासाची मागणी तुमच्याही ठरावांत येऊ द्या.

क्लासची फी भरूनच इंग्रजी येते, ही समजूत बाजाराने पसरवली आहे. शाळेचा तास तुमच्या मुलाच्या हक्काचा आहे. तो तास ऐकण्यात संपवायचा नाही, कामात लावायचा, एवढीच माझी मागणी आहे. ती तुमची व्हावी, अशी विनंती करून मी थांबते.